डोक्यावरचं बटण

२०२३ साली टेंबे एकाहत्तर वर्षांचे होते. मी त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठा. तरी गल्लीत वडीलकीचा मान त्यांना होता, कारण ते सरकारी कारखान्याच्या पर्चेस खात्यात चौतीस वर्षं खुर्चीत बसले होते आणि मी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर चाळीस वर्षं उभा होतो. बसलेल्याला मान जास्त मिळतो. मला त्याचं काही वाटत नाही. चौथीपर्यंत शिकलो, पण कुणाच्या दारात काही मागायला गेलो नाही. हे आज मी फुशारकीनं सांगत नाही. का ते पुढं येईल.

आमची गल्ली कानडी मुलखात, यशवंतपूरच्या बाजारामागं. त्यांचं घर स्वतःचं, दोन मजली. समोर माझ्या भाड्याच्या दोन खोल्या. मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता. मी निपाणीकडचा, ते सांगलीकडचे, त्यांची बायको सुधाअक्का इंदूरची. माझी बायको गेल्यापासून सणावाराला माझं ताट त्यांच्याकडंच असायचं. त्यांच्या दाराला बेल होती, ती मी कधी दाबली नाही. रस्त्यातूनच "ओ टेंबेसाहेब" अशी हाक टाकायची आणि ते गच्चीवरून डोकं काढायचे. आता त्या घरात दुसरी माणसं राहतात. ती बेल वाजली की मी अजून हातातलं काम थांबवतो.

टेंबे उंच, हडकुळे, मान पुढं काढून चालायचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात दोन पेनं, निवृत्त झाल्यावरही. खात्यातली एक सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती. काहीही घ्यायचं तर तीन कोटेशनं. कोथिंबिरीची जुडी घ्यायची तरी तीन गाड्यांवर भाव विचारणार. रिक्षा करायची तरी तीन रिक्षावाल्यांना थांबवणार, तोवर पहिला निघून गेलेला असायचा. शेवटी "स्वल्प कमी करा" म्हणायचं आणि समोरच्यानं केलं की "सरी" म्हणून मान हलवायची. हे सरी त्यांच्या तोंडात कायम. कानडीत सरी म्हणजे बरं, ठीक. त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच की आता विषय संपला.

निवृत्तीनंतर त्यांनी विमानाच्या तिकिटांचा नाद धरला. धरला म्हणजे पुरता धरला. पहाटे पाचला गच्चीवर खुर्ची टाकून बसणार, हातात कॉफीचा पेला, मांडीवर फोन. मलाही लेथच्या पाळीमुळं लवकर जाग यायची. दार उघडलं की वर अंधारात त्यांचं तोंड फोनच्या उजेडात निळं दिसायचं, बाकी अंग दिसायचं नाही. पहिल्यांदा मी दचकलो होतो. पुढं सवय झाली.

"काय म्हणतोय भाव?" मी खालून विचारायचा.

"हलतोय," ते म्हणायचे. "झोपलेला नाही अजून."

जनावर असल्यासारखं बोलायचे. त्यांचे नियम सगळ्या गल्लीला पाठ झाले होते. तिकीट तीन महिने आधी घ्यायचं. मंगळवार-बुधवारचं बघायचं, शुक्रवारचं नाव काढायचं नाही. पहाटेचं नाहीतर दुपारचं विमान, ज्या वेळेला शहाणी माणसं जात नाहीत ते. एकच तिकीट दहा वेळा बघायचं नाही. बघायचंच तर दुसऱ्याच्या फोनवरून बघायचं. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, "त्यांना कळता कामा नये आपल्याला गरज आहे. गरज दिसली की भाव चढतो, मारुतीअण्णा."

ते खरं होतं की नाही मला माहीत नाही. पण त्या घरात गरज न दाखवण्याची सवय त्यांच्याआधी अक्कांना लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चष्म्याचा नंबर वाढला तरी वर्षभर बोलल्या नाहीत. गुडघा धरला तर जिना उलट्या पावलांनी उतरायला लागल्या.

तिकीट काढून देताना टेंबे फोन समोरच्याकडं वळवून दाखवायचे. विमा, जेवण, खिडकीची जागा, लवकर आत सोडणं, सगळ्यापुढं कंपनीनं आधीच खूण करून ठेवलेली. "बघा, आपल्याला न विचारता," म्हणायचे आणि एकेक खूण बोटानं काढायचे, तांदळातला खडा काढावा तशी. गल्लीतल्या निम्म्या माणसांची तिकिटं त्यांनीच काढली असतील. कुणाकडून एक रुपया घेतला नाही. वाचलेले पैसे दुसऱ्याचे असले तरी त्यांचा चेहरा फुलायचा.

जागेला पैसे द्यायचे नाहीत, यावर ते हटून असायचे. कंपनी फुकट देईल ती जागा. त्यामुळं नवरा सातव्या रांगेत आणि बायको पंचविसाव्या, असं व्हायचं. अक्का आणि ते आठ वेळा विमानानं गेले. एकदाही शेजारी बसले नाहीत. हे ते हसून सांगायचे.

बटणाची गोष्ट मात्र हसून सांगायचे नाहीत. पहिल्यांदा विमानात बसले तेव्हा त्यांनी डोक्यावरचं माणसाच्या चित्राचं बटण दाबलं होतं. विमानातली मुलगी हसत आली. यांनी चहा मागितला. तिनं आणून दिला, आणि प्याल्यावर पैसे मागितले. यांना वाटलं होतं तिकिटातच आहे. खिशात मोठी नोट, तिच्याकडं सुट्टे नाहीत. ती पुढं मागं फिरून सुट्टे गोळा करत राहिली आणि आजूबाजूच्या तीन रांगा यांच्याकडं बघत राहिल्या. चौतीस वर्षं दर ठरवल्याशिवाय खिळा न घेतलेला माणूस. ते मला सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. तेव्हापासून विमानात जाणाऱ्या प्रत्येकाला ते बजावून सांगायचे, "त्या बटणाला हात लावू नका. तिथं हात वर केला की बिल फाटतं."

आणि लोक ऐकायचे. मीही ऐकलं.

दुसरी त्यांची वस्तू म्हणजे हुकाचा काटा. रद्दीवाल्याकडं असतो तसला, ताणला की आकडा दाखवणारा. खिडकीच्या गजाला तो कायम लटकलेला. सात किलोची बॅग हातात नेता येते, तर ती बरोबर सात किलोच भरायची, ना वर ना खाली. खाली राहिली तर जागा फुकट गेली म्हणून एखादी वाटी नाहीतर नारळ टाकायचे. वर गेली तर कपडे अंगावर चढवायचे. मे महिन्यात दोन शर्ट आणि वर कोट घालून निघालेले टेंबे सगळ्या गल्लीनं पाहिले आहेत. एकदा विमानतळावर बॅग चारशे ग्रॅमनं जास्त भरली. आत अक्कांनी बहिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू होते. टेंब्यांनी तिथंच रांगेत उभ्याउभ्या डबा उघडला, तीन लाडू आपण खाल्ले आणि तीन अक्कांना खायला लावले. अक्कांना साखरेचा त्रास. परत आल्यावर अक्कांनीच हे आम्हाला इतकं रंगवून सांगितलं की हसून हसून पुरेवाट झाली. सांगताना त्यांचा तळवा छातीवर होता. हसण्यामुळं असेल असं वाटलं.

त्या हसण्याच्या आधीच एक गोष्ट घडली होती, तिच्यावरून मला कळायला हवं होतं. महादेवपुऱ्यातली केतकी म्हणून एक मुलगी, पुण्याची, कंप्युटरच्या कंपनीतली, गणपतीच्या मंडळात ओळख झालेली. तिचं पुण्याचं तिकीट टेंब्यांनी काढून दिलं होतं, गुरुवारचं, स्वस्तात, न बदलता येणारं. सोमवारी तिच्या वडिलांना दवाखान्यात नेल्याचा फोन आला. तिनं टेंब्यांना विचारलं काय करू. टेंबे म्हणाले, आजचा भाव अंगावर येण्यासारखा आहे, डॉक्टर काय म्हणतात बघ, दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. ती "बरं काका" म्हणाली, फोन ठेवला आणि संध्याकाळच्या विमानानं गेली. वडील तिच्याशी रात्री बोलले. बुधवारी नव्हते.

आम्ही तिघं त्यांच्या ओट्यावर बसलो होतो तेव्हा हे कळलं. टेंबे म्हणाले, "जुनं तिकीट रद्द तरी करायचं होतं. निदान तिकिटावरचा कर परत मिळाला असता."

अक्का शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, माझ्यासाठी गुरुवारपर्यंत थांबाल का हो?"

"तुला काय धाड भरलीय?"

"भरली तर."

"सरी," टेंबे म्हणाले आणि उठून आत गेले. अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. मी काहीतरी म्हणावं असं त्यांना वाटत असेल. मी म्हणालो, साहेबांचं हिशेबानं बरोबर आहे. आता लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो, की मी तसं म्हणालो.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर अक्कांना बहिणीला भेटायला इंदूरला जायचं होतं. टेंब्यांनी तीन महिने आधीच भाव पकडला होता, आणि मला म्हणाले, चला तुम्हीही, जन्मात एकदा विमान बघा. मी पैसे आधी रोख हातावर ठेवले आणि मग हो म्हणालो. मला कुणाच्या उपकारात राहायचं नव्हतं. जाताना पहाटेचं विमान, पंधरा दिवसांनी परत. तिघांची तिकिटं एका कागदावर.

निघायच्या आधी आठवडाभर अक्का गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या नाहीत. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहायच्या. मी हाक मारली तर म्हणायच्या, ऊन लागलं. आकाशात तर ढग. रात्री झोपताना दोन उशा घेते म्हणाल्या, आडवं झालं की जळजळतं. पित्ताच्या गोळ्या चालू होत्या. जायच्या आदल्या दिवशी टेंबे फोनवर जागा घ्यायला बसले. ते नेहमी अगदी शेवटपर्यंत थांबायचे, कारण उशिरा घेतलं की फुकटातसुद्धा पुढची जागा मिळते असा त्यांचा अनुभव. मी तिथंच होतो. अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"या वेळेला शेजारी घ्या," त्या म्हणाल्या. "मला भ्या वाटतंय."

आठ वेळा गेलेली बाई. टेंब्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोघांचे मिळून सहाशे मागतायत. दोन तासांचे सहाशे. चव्वेचाळीस वर्षं शेजारीच आहोत की. दोन तास तुलाही सुट्टी, मलाही."

मी हसलो. अक्काही हसल्या, पण दारातून हलल्या नाहीत. टेंब्यांनी बटण दाबलं. बाराव्या रांगेत खिडकीशी अक्का, त्यांच्या शेजारी मधल्या जागेवर मी. टेंबे एकोणतिसाव्या रांगेत, शेवटून दुसऱ्या.

"बघ, अण्णा आहेत शेजारी," टेंबे म्हणाले. "काय पाहिजे ते त्यांना सांग."

अक्का म्हणाल्या, "होय," आणि आत गेल्या.

विमानतळावर मी टेंब्यांना म्हणालो, तुम्ही माझ्या जागेवर बसा, मी मागं जातो. ते म्हणाले, कागदावर आहे तिथंच बसायचं, बदललं तर दंड लावतील. तसा काही नियम नव्हता. मला काय माहीत. मी पहिल्यांदाच जात होतो, आणि ज्या गोष्टीतलं आपल्याला कळत नाही तिथं तोंड उघडायचं नाही, ही माझी जन्माची खोड. पट्टा कसा लावायचा तेसुद्धा मी शेजारच्या बाईकडं चोरून बघून शिकलो. ती कडेच्या जागेवर होती, कानात बोळे घालून लॅपटॉपवर काम करत होती. विमानात शिरताना टेंबे आमच्या रांगेपाशी थांबले, वर बोट करून बटण दाखवलं आणि मान हलवली, नाही म्हणून. मग दोन शर्ट आणि कोट घातलेली त्यांची पाठ मागं मागं जात दिसेनाशी झाली.

वर गेल्यावर पहिला थोडा वेळ मी खिडकीतून बघत होतो. खाली ढगांचा ओला कापूस. अक्कांच्या पलीकडून बघत होतो, म्हणून त्यांचा चेहरा आधी दिसला. गारठा असूनही कपाळावर घाम.

"अण्णा, जळजळतंय," त्या म्हणाल्या. "हाताला मुंग्या येतायत."

मी माझी पाण्याची बाटली दिली. दोन घोट होते, ते प्यायल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्यांना बोलवा जरा."

मी वळून पाहिलं. नुसती डोकी. उठावं तर ती बाई मधे, तिचा लॅपटॉप, तिचं टेबल. इंग्रजीत काय म्हणायचं, हिंदीत काय म्हणायचं, मनात जुळवत राहिलो. डोक्यावर बटण होतं. माणसाचं चित्र. मी हात वर नेला. खरंच नेला. अक्कांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "नको, ते रागावतील. उतरल्यावर बघू."

मी हात खाली घेतला.

लोकांना वाटेल मी पैशासाठी घेतला. माझ्या खिशात दोन हजार होते. पैशाचं मला काही नव्हतं. मला लाज वाटली. बटण दाबलं, मुलगी आली, तिनं काही विचारलं आणि मला सांगता आलं नाही, मग तीन रांगा माझ्याकडं बघणार. टेंब्यांचे लाल कान माझ्या डोळ्यांपुढं आले. चाळीस वर्षं मोठमोठ्या साहेबांसमोर मान खाली न घातलेला मी, त्या एवढ्याशा बटणाला भ्यालो.

किती वेळ गेला? नंतर मी हिशेब केला, अर्धा तास. अक्का अधूनमधून माझ्या मनगटाला हात लावायच्या, गार बोटांनी, आणि परत काढून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "किती राहिलंय?" मी म्हणालो, आलंच. मला काय माहीत किती राहिलं होतं. मग त्यांनी डोकं खिडकीला टेकलं. झोपल्या असं मी स्वतःला सांगितलं. मी तसं सांगितलं आणि समोरच्या जाळीत ठेवलेल्या कागदावरची चित्रं बघत बसलो.

त्यांचा पदर माझ्या मांडीवर घसरला तेव्हा शेजारच्या बाईनं बघितलं. तिनं कानातले बोळे काढले, वाकून अक्कांच्या गालाला हात लावला आणि दुसऱ्या हातानं वरचं बटण दाबलं. टिंग असा बारका आवाज झाला. दिवा लागला. मी पाच श्वास घेतले नसतील तोवर मुलगी आली, तिच्यामागं दुसरी, हातात ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन. कुणी बिल मागितलं नाही.

मग विमानात सांगितलं गेलं की कुणी डॉक्टर असेल तर पुढं यावं. एकोणतिसाव्या रांगेत टेंब्यांनी ते ऐकलं. काय वाटलं ते त्यांनी नंतर मला आपण होऊन सांगितलं. त्यांना वाटलं, कुणाला तरी झालेलं दिसतंय, आता हे मधेच कुठंतरी उतरवतील आणि आपल्याला न्यायला येणारी गाडी चुकेल. बाराव्या रांगेत गर्दी का आहे हे बघायला ते उठलेसुद्धा नाहीत. उतरल्यावर सगळे पुढं सरकले आणि ते बॅग घेऊन आमच्या रांगेपाशी आले, तेव्हा त्यांना कळलं.

इंदूरच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. म्हणाले, अर्धा तास आधी कुणी सांगितलं असतं तर काही करता आलं असतं. "असतं" म्हणाले की "कदाचित असतं", ते मला आठवत नाही. टेंबे माझ्याकडं वळले.

"कधी सुरू झालं?"

"एकदम," मी म्हणालो.

"काही म्हणाली?"

"नाही. एकदम झालं."

"सरी," ते म्हणाले.

तेरा दिवस तिथंच झाले. टेंबे रडताना मी पाहिले नाहीत. रोज पहाटे पाचला उठून ते मेहुणीच्या अंगणात खुर्चीवर बसायचे, फोन मांडीवर पालथा. निळा उजेड नाही. काळोखात नुसता माणूस. परतीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी फोन सुलटा केला आणि जागा घ्यायला बसले, तिघांच्याही. मी म्हणालो, साहेब, अक्कांचं तिकीट रद्द करा. अशा वेळी लिहून मागितलं तर पैसे परत देत असतील. म्हणाले, "मला काही मागायचं नाही." आणि बटण दाबलं.

मग ते फोनकडं बघतच राहिले. फोन माझ्यापुढं धरला. चौदावी रांग. टेंबे मधल्या जागेवर. त्यांच्या शेजारी, कडेला, अक्का. मधल्या वाटेपलीकडं मी.

नवव्या खेपेच्या परतीला कंपनीनं त्यांना फुकटात शेजारी दिलं होतं.

विमानात ती जागा रिकामी राहिली. टेंब्यांनी तिचा पट्टा लावून ठेवला, सैल राहू नये म्हणून ओढून. वर गेल्यावर बऱ्याच वेळानं त्यांनी हात वर केला आणि डोक्यावरचं बटण दाबलं. टिंग. मुलगी आली. तीच होती की दुसरी, मला सगळ्या सारख्याच दिसतात.

त्यांनी हिंदीत विचारलं, "ये दबाने का चार्ज कितना है?"

तिला आधी कळलं नाही. मग ती हसून म्हणाली, "कुछ नहीं सर. इसका कोई चार्ज नहीं."

"पानी?"

"पानी भी फ्री है सर. लाऊँ?"

"नहीं," टेंबे म्हणाले. "थँक्यू."

ती गेली. त्यांनी रिकाम्या जागेवरून माझ्याकडं पाहिलं. पर्चेस खात्यात दोन कागद शेजारी ठेवून बघत असतील तसं पाहिलं.

"मारुतीअण्णा, तुम्ही शेजारी होता. तिनं मला बोलवायला सांगितलं होतं?"

मला तेव्हा खरं सांगता आलं असतं. आमच्यामध्ये फक्त ती वाट आणि एक जागा होती, तीही रिकामी. पण खरं सांगायचं म्हणजे माझा वर गेलेला आणि खाली आलेला हात सांगायचा. मी म्हणालो, "नाही साहेब."

ते माझ्या हातांकडं बघत होते, तोंडाकडं नाही. या वेळेला सरी म्हणाले नाहीत.

बसनं यशवंतपूरला आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांनी कुलूप काढलं, आत जाऊन दिवा लावला. अक्कांची बॅग त्यांच्याच हातात होती, वाटेत मला धरू दिली नव्हती. मी माझ्या दारात चप्पल काढत होतो. समोरच्या खिडकीत ते आले, अंगात अजून दोन शर्ट आणि कोट. बॅग त्यांनी गजाच्या काट्याला लटकवली. सवयीनं असेल. काटा खाली आला, हलला, थांबला. टेंबे वाकून आकडा बघत राहिले. बॅग केव्हाच स्थिर झाली होती तरी ते वाकलेलेच. किती भरली ते मला इतक्या लांबून दिसलं नाही. खिडकीतला दिवा गेला तेव्हा ती तशीच लटकत होती.

रात्रभर मी पडून होतो. पाचला दार उघडलं, वर पाहिलं. गच्चीवर कुणी नव्हतं. नेहमीसारखी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग मी रस्ता ओलांडला, त्यांच्या तीन पायऱ्या चढलो आणि बेलवर बोट ठेवलं, आणि आतून कडी निघेपर्यंत ते उचललं नाही.